टाकाऊतून टिकाऊ : मुलांचे हात आणि घरातला कचरा



वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची रांग लागलेली असते. त्या रांगेत उभा राहून मी आज आगकाड्या, चिंध्या, रिकाम्या बाटल्या आणि वेफरची पाकिटे ह्यांच्याविषयी बोलणार आहे. बालशिक्षणाचा तज्ज्ञ म्हणून मी बोलत नाही. माझी शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु कामगारांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला दोन प्रकारची माणसे जवळून पाहायला मिळतात : हाताने वस्तू घडवणारी, आणि दुसऱ्यांनी टाकलेली वस्तू उचलणारी. सुटी लागली की घरोघर मुले ‘आता काय करू?’ म्हणून आईच्या मागे लागतात. त्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन माणसांच्या कामात सापडते, असे माझे मत आहे.

घरातल्या निरुपयोगी वस्तूंपासून मुलांनी काय करावे, कसे करावे आणि का करावे, असे विषयाचे तीन भाग पडतात. त्यांतला ‘का’ मी आधी घेतो. कारण तो चुकला की बाकीचे दोन्ही व्यर्थ जातात.

टाकाऊ कशाला म्हणावे?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आता शाळाशाळांतून रुळला आहे. कोणत्याही शालेय प्रदर्शनात जा. टेबलावर एक फुलदाणी हमखास दिसेल. प्लॅस्टिकच्या बाटलीला सोनेरी कागद चिकटवलेला, त्यावर चमकी, टिकल्या, थर्मोकोलची फुले, आणि खाली पाटी : ‘टाकाऊतून टिकाऊ’. पाहुणे कौतुक करतात, बक्षीस मिळते, आणि आठ-पंधरा दिवसांनी ती फुलदाणी कचऱ्याच्या डब्यात जाते.

आता हिशेब करू. ती बाटली कोरी असती तर कचरा वेचणाऱ्या बाईने ती उचलली असती, भंगाराच्या दुकानी वजनावर घातली असती आणि तिच्या पदरात काही पैसे पडले असते. तिथून ती कारखान्यात जाऊन वितळून पुन्हा उपयोगात आली असती. परंतु आपण तिला कागद, डिंक आणि चमकी चिकटवली; आता तिला दुकानदार हात लावीत नाही. म्हणजे आपण टाकाऊतून टिकाऊ केले नाही, विकाऊतून टाकाऊ केले! शिवाय ती थर्मोकोलची फुले तर मुळातच बाद. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीचा नियम आला, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली. ज्या वस्तूवर सरकारने बंदी घातली ती मुलांच्या हाती देऊन आपण त्यांना पर्यावरणाचे धडे देतो, हे बरे नव्हे.

ही गोष्ट मला कचरावेचकांच्या चळवळीमुळे उमगली. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ह्या नावाने कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव ह्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांच्या पुढाऱ्याचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. पुढे २००८ साली ह्याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने करार केला आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ह्या संघटनेच्या नावातच सारा धडा आहे. आपण ज्याला एका शब्दात कचरा म्हणतो, त्याला ती बाई कागद, काच आणि पत्रा म्हणते. तिला त्यात वेगवेगळा माल दिसतो, कारण तिचे पोट त्यावर आहे. मुलालाही तसेच पाहायला शिकवणे, हा ह्या साऱ्या उद्योगाचा पहिला हेतू होय.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मुलाला घेऊन घरातल्या सुक्या कचऱ्याचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात ज्याला बाजारात भाव आहे ते : रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे. दुसऱ्या ढिगात ज्याला सहसा कोणी भाव देत नाही ते : वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, जीर्ण कापड, विझलेल्या आगकाड्या, झिजलेल्या खराट्याच्या काड्या, नारळाच्या करवंट्या. तिसऱ्या ढिगात जे मुलांच्या हाती कदापि देऊ नये ते : बॅटरीचे सेल, ज्यांत पारा असतो त्या ट्यूबलाईट, औषधांची वेष्टने आणि सुया, फुटकी काच, रंगांचे डबे. हा तिसरा ढीग मोठ्यांनीच वेगळा बांधून द्यावा, कारण आपण जे बेफिकिरीने टाकतो ते कोणाच्या तरी उघड्या हाताला लागते.

ढीग झाले की तीन नियम पाळावेत. पहिला, शक्यतो दुसऱ्या ढिगातला माल वापरावा. पहिल्यातला वापरला तर खेळ संपल्यावर तो जसाच्या तसा परत ढिगात गेला पाहिजे. दुसरा, जोड अशी असावी की ती सोडवता येईल : गाठ, घडी, टाका, खाच, आणि चिकटवणेच असेल तर फक्त कागदाला कागद, तोही पिठाच्या खळीने. तिसरा, कात्री, सुई आणि दोरा ह्यांपलीकडे होता होईल तो नवे काही विकत आणू नये. टाकाऊ वस्तू सजवण्यासाठी शंभर रुपयांचे सामान आणणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळतो.

वेफरच्या पाकिटांची चटई

वेफरचे पाकीट आतून चांदीसारखे चमकते. त्यात प्लॅस्टिकच्या पातळ थरांबरोबर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर बसवलेला असतो. वेफर कुरकुरीत राहावा म्हणून ही योजना. पण हे थर सहजासहजी वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. मुलाच्या कामासाठी हाच माल उत्तम.

पाकिटे साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन तेलाचा अंश घालवावा व ती वाळवावीत. शिवण उघडून पाकीट सपाट करावे आणि दोन-दोन बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडून ती पुन्हा मधोमध दुमडली की अर्ध्या बोटाची, घट्ट, न फाटणारी फीत तयार होते. अशा आठ फिती शेजारी-शेजारी मांडून त्यांची वरची टोके पुठ्ठ्याच्या तुकड्याला कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी धरून ठेवावीत. मग नववी फीत आडवी घ्यावी : एका फितीखालून, दुसरीवरून, तिसरीखालून, अशी शेवटपर्यंत. दहावी तिच्या उलट : पहिलीवरून, दुसरीखालून. अशा आठ आडव्या फिती झाल्या की टोके मागे वळवून विणीत खोचावीत. पाण्याच्या तांब्याखाली ठेवायला सुबक चटई झाली. गरम भांडे मात्र तिच्यावर ठेवू नये.

चटई झाली की मुलाला विचारावे, ‘ह्यात डिंक कुठेच नाही, मग ही सुटत का नाही?’ त्याला ओढून पाहू द्यावे. प्रत्येक फितीला शेजारच्या फिती वरून-खालून दाबून धरतात; घसटीमुळे ती सरकत नाही. एकेकटी फीत फुंकरीने उडेल, पण सोळाजणी एकमेकींत गुंतल्या की जमीन पुसायलाही टिकतात. संघटनेच्या माणसाला ह्याहून वेगळा दाखला शोधावा लागत नाही. परंतु तो मोह आवरून मी मुलाला एवढेच सांगेन की, तुझ्या अंगावरचा सदरा असाच झाला आहे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. गिरणीतला साचा हेच काम मिनिटाला कितीतरी वेळा करतो. मुंबईत ताडदेवला १८५६ साली पहिली कापसाची गिरणी सुरू झाली; पुढे गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. ज्या आजोबांनी जन्मभर साचे सांभाळले, त्यांच्या नातवाला ताणा-बाणा हे शब्दही ठाऊक नसावेत, ह्याची मला खंत वाटते. घरात असे आजोबा असतील तर चटई विणताना त्यांना शेजारी बसवा. मुलाला गुरू मिळेल, आणि आजोबांना कोणीतरी विचारणारा मिळेल.

आगकाड्यांचा त्रिकोण

ही कृती सात-आठ वर्षांपुढील मुलांसाठी. लागणारे साहित्य दोनच : विझलेल्या आगकाड्या, जळके टोक कापून समान लांबीच्या केलेल्या, आणि सायकलच्या व्हॉल्व्हला असते ती बारीक रबरी नळी. पंक्चर काढणाऱ्याकडे ती अगदी स्वस्तात मिळते. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सारली की दोन काड्यांचा सांधा झाला. आणि तो रबराचा असल्याने हवा तसा वाकतो.

तीन काड्या आणि तीन सांधे घेऊन त्रिकोण करावा. चार काड्या आणि चार सांधे घेऊन चौकोन करावा. मग दोन्ही हातांत धरून एका कोपऱ्यावर हलकेच दाबावे. चौकोन तिरका होऊन कोलमडतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चौकोनाचे ठरत नाहीत. आता समोरासमोरच्या दोन सांध्यांना बाभळीच्या काट्याने भोक पाडून खराट्याची एक लांब काडी कर्णासारखी आडवी बसवावी. तोच डळमळीत चौकोन ताठ उभा राहतो, कारण आता तो दोन त्रिकोण झाला आहे.

ह्यानंतर मुलाला बाहेर घेऊन जावे. कारखान्याच्या शेडची कैची, विजेच्या तारांचा मनोरा, क्रेनचा दांडा, रेल्वेचा लोखंडी पूल, जिकडे पाहावे तिकडे त्याला त्रिकोण दिसू लागतील. भूमितीच्या पुस्तकात जो त्रिकोण कोरडा वाटत होता, तो छप्पर पेलून धरतो हे त्याला कळेल.

ह्या खेळाचे श्रेय अरविंद गुप्ता ह्यांना आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मधून १९७५ साली बाहेर पडलेला हा अभियंता पुण्यात मालमोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागला. तेव्हा मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञानशिक्षणाचा एक मोठा प्रयोग चालू होता. १९७२ साली सोळा शाळांतून तो सुरू झाला होता. महागड्या उपकरणांवाचून खेड्यातल्या मुलांना प्रयोग कसे करता येतील, हा त्याचा प्रश्न. त्या कामात गुप्ता सामील झाले आणि आठवडी बाजारातल्या क्षुल्लक वस्तूंतून त्यांना हे सांधे सुचले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे कचऱ्यातून खेळणी बनवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विशेष हे की, आपली पुस्तके आणि खेळण्यांच्या कृती त्यांनी सर्वांसाठी मोफत खुल्या ठेवल्या.

बाटल्यांचा जलतरंग

एकसारख्या पाच-सहा काचेच्या बाटल्या ओळीने मांडाव्यात आणि त्यांत चढत्या क्रमाने पाणी भरावे. चमच्याने हलकेच टोला दिला की जीत पाणी जास्त ती बाटली खालचा, जाड सूर देते. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावर ओठ टेकवून आडवी फुंकर घालावी. गंमत अशी की, आता जीत पाणी जास्त तीच वरचा, बारीक सूर देते! असे उलटे का होते, ह्यावर मुलाला दोन दिवस विचार करू द्यावा; उत्तर सांगण्याची घाई करू नये. टोला मारला की काच आणि तिच्यातले पाणी मिळून थरथरतात. पाणी वाढले की ओझे वाढते आणि थरथर मंदावते. फुंकर घातली की वरची हवा थरथरते. पाणी वाढले की हवेला जागा कमी उरते आणि थरथर जलद होते.

खेळ संपला की पाणी कुंडीला घालावे आणि बाटल्या धुऊन पहिल्या ढिगात ठेवाव्यात. मुलाला संगीतही मिळाले, आणि वेचणाऱ्या बाईचा एक पैसाही बुडाला नाही. चांगल्या कृतीची खूण ती हीच.

चिंध्या आणि धावदोरा

फाटक्या बनियनांच्या चिंध्यांचा घट्ट गोळा करून त्याला सुतळीने सर्व बाजूंनी आवळावे, वर जुन्या मोज्याचे आवरण चढवून तोंड शिवावे, चेंडू झाला. घरात खेळला तरी काच फुटत नाही. गोधडीचा चौकोन ही त्याच्या पुढची पायरी. जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे वीतभर चौकोन तीन-चार थरांत एकावर एक ठेवावेत, कडा आत दुमडाव्यात आणि बाहेरून आत येत समांतर धावदोरा घालावा. एकेक थर जीर्ण असला तरी शेकडो टाक्यांनी तो शेजारच्या थराला बांधला जातो, आणि ताण एका जागी न राहता सगळीकडे वाटला जातो. म्हणून जुनेऱ्यांची गोधडी वर्षानुवर्षे टिकते. आपल्या आयाआज्या हे शास्त्र शाळेत न जाता जाणत होत्या. हे काम मुलगे आणि मुली दोघांनाही द्यावे. ज्या मुलाला सदऱ्याचे बटण लावता येत नाही, त्याने स्वावलंबनावर निबंध लिहू नये.

खळ आणि कागदी पिशवी

लहानांना चिकटवण्याची फार हौस. त्यांच्यासाठी घरची खळ करावी : दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून, ढवळत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवावा. पुस्तकबांधणीवाले कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खळीत घालू नये. रद्दीच्या कागदाच्या दोन उभ्या कडा ह्या खळीने जोडून नळकांडे करावे, एका तोंडाला तळाची घडी घालून तीही चिकटवावी; पिशवी झाली. छापील शाईमुळे तिच्यात खाद्यपदार्थ थेट ठेवू नयेत. सुका कचरा बांधून द्यायला ती चांगली. ती फाटली तरी कागदाचा कागदच राहतो.

शाळेने काय करावे?

हातांतून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची योजना मांडली. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षण सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. महाग साधनांच्या जागी त्यांनी परिसरातल्या साध्या वस्तू आणल्या. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ सुचवला. अनुभव कार्याचा, असा त्याचा अर्थ. परंतु कित्येक ठिकाणी तो खरेदीचा अनुभव झाला आहे. दुकानात तयार साहित्य मिळते, रात्री बारापर्यंत आई-वडील वस्तू बनवतात आणि सकाळी मूल ती शाळेत पोचवते. ज्याच्या वडिलांना रंगीत कागद परवडतो त्याला गुण जास्त. ज्याची आई कामावरून आठ वाजता घरी येते त्याला कमी. हा मुलाच्या हातांचा निकाल नव्हे, घरच्या मिळकतीचा आहे.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. वस्तू घरून मागवूच नका. वर्गात सर्वांना एकच ढीग द्या आणि तिथेच करायला सांगा. झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती मोडून पुन्हा जोडायला सांगा. ज्याला मोडून पुन्हा जोडता आली, त्याला ती खरोखर कळली.

एक आक्षेप

येथे माझ्याच चळवळीतला एखादा मित्र विचारील, ‘श्रीमंतांच्या मुलांना दुकानातली खेळणी आणि गरिबांच्या मुलांना चिंध्या, असे का तुमचे म्हणणे?’ तसे माझे म्हणणे मुळीच नाही. करवंटीची बाहुली ही पुरेशा वेतनाची भरपाई होऊ शकत नाही. वेतनाची मागणी तिच्या जागी कायम आहे. आणि मी सांगतो ते काम श्रीमंतांच्या मुलांना अधिकच आवश्यक आहे, कारण टाकण्याची सवय त्यांच्याच घरी जास्त आहे.

दुसरी मर्यादाही स्पष्ट करतो. मूल स्वतःच्या आनंदासाठी पिशवी करते तो खेळ. तेच मूल बाजारासाठी रोज शंभर पिशव्या करायला बसवले की ती मजुरी. १९८६ चा कायदा आणि त्यातली २०१६ ची दुरुस्ती चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करते. कचरा वेचणाऱ्या बाईच्या मुलाच्या पाठीवर पोते असू नये, दप्तर असावे. आपल्या मुलाचा खेळ तिच्या मुलाचे काम होता कामा नये, एवढे भान सुटू देऊ नये.

तेव्हा ह्या सुटीत घरी एक पुठ्ठ्याचे खोके ठेवा. त्यात दुसऱ्या ढिगातला माल साठवू द्या. कोणती वस्तू करायची ते मुलाला ठरवू द्या. तुम्ही फक्त सुई-कात्रीवर लक्ष ठेवा. वाकडे झाले तर वाकडे होऊ द्या, पण हात त्याचा असू द्या. आणि सकाळी जी बाई दारात कचरा मागायला येते, तिला मुलाच्याच हातून तीन ढीग वेगवेगळे द्या. तिचे नाव त्याला ठाऊक असू द्या. ‘कचरेवाली आली’ असे न म्हणता ‘मावशी आल्या’ असे त्याने म्हटले, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.